तैवानच्या पालख्या, बाहुल्या आणि जत्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैवानला शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी, इथे फिरायला येऊ पाहणारी कुटुंबं आणि अमेरिका-कॅनडात तैवानी शेजाऱ्यांच्या उत्सवांना जाणारे वाचक यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तैवानची संस्कृती म्हणजे शेवटी चिनीच ना? त्यात वेगळं काय?

देव, देवळं, नाटकं यांतला मोठा भाग चीनच्या फुच्येन किनाऱ्यावरून आलेल्या लोकांनी सोबत आणला, हे खरं आहे. पण त्याआधी हजारो वर्षं या बेटावर मूलनिवासी समाज राहत होते आणि आजही राहतात. त्यांच्या भाषांचं नातं चिनीशी नाही, ते फिलिपिन्स, हवाई आणि न्यूझीलंडच्या माओरींच्या भाषांशी आहे. सरकारने अशा १६ समाजांना मान्यता दिली आहे. किनाऱ्यावरून आलेल्यांतही होक्लो आणि हाक्का हे दोन वेगळे गट, दोघांच्या भाषा वेगळ्या. १९४९ च्या सुमारास चीनच्या सगळ्या प्रांतांतून सैनिक आणि निर्वासित आले. अलीकडे व्हिएतनाम, इंडोनेशियातून लग्न करून आलेल्या बायकांची मुलं शाळेत आहेत.

यावर राज्यकर्त्यांचे थर चढले. १६२४ पासून डच, १६८३ पासून चिंग साम्राज्य, १८९५ ते १९४५ जपान, मग क्वोमिंतांग पक्षाची राजवट आणि १९४९ ते १९८७ अशी तब्बल ३८ वर्षं लष्करी कायदा. यातल्या जवळजवळ प्रत्येकाने लोकांच्या भाषेला किंवा कलेला कधी ना कधी चाप लावला. म्हणून इथे बाहुल्यांचा खेळ किंवा पालखी ही नुसती करमणूक राहिलेली नाही. लोकांनी ती हट्टाने जपली आहे. 'चिनी' म्हणून मोकळं झालं की हा सगळा भाग नजरेआड होतो.

२. तारखा दरवर्षी बदलतात. नेमकं कधी काय असतं, हे कसं ओळखायचं?

घरात कालनिर्णय असेल तर अर्धं काम झालं. त्यांचे महिनेही आपल्यासारखेच अमावास्येनंतर सुरू होतात, त्यामुळे पंधरावा दिवस म्हणजे पौर्णिमा. पहिला महिना साधारण आपला माघ. त्या हिशेबाने कंदिलांचा सण माघी पौर्णिमेला, माझू देवीचा जन्मदिवस (तिसऱ्या महिन्याचा २३ वा दिवस) चैत्र वद्य अष्टमीच्या आसपास आणि पितरांचा सातवा महिना श्रावणात येतो.

गोम एकच आहे. अधिक मास दोघांकडेही असतो, पण तो एकाच वेळी येईल असं नाही. २०२४ मध्ये माझूचा जन्मदिवस १ मे रोजी होता आणि तो आपल्या चैत्र वद्य अष्टमीशी जुळला. पुढे २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक आला, आपला अधिक ज्येष्ठ मात्र २०२६ चा. म्हणून २०२६ मध्ये हाच दिवस ९ मे रोजी, म्हणजे आपल्या वैशाखात जातो. तिकीट काढण्याआधी त्या वर्षाची इंग्रजी तारीख पाहून घ्या.

मूलनिवासी समाजांचे सण या पंचांगावर चालत नाहीत (अपवाद प्रश्न १० मध्ये). ते पिकावर, माशांवर आणि गावातल्या वडीलधाऱ्यांच्या निर्णयावर ठरतात.

३. माझूची पालखी म्हणजे आपली वारीच का?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो, आणि विचारावा असाच आहे. साम्य डोळ्यांत भरतं: पायी चालणारे लाखो लोक, वाटेवरच्या गावांनी घातलेलं अन्न, अनोळखी माणसाच्या अंगणात टाकलेली पथारी. पण मांडणी वेगळी आहे. वारीत विठ्ठल जागचा हलत नाही, संतांच्या पादुका आणि माणसं त्याच्याकडे जातात. इथे देवी स्वतः पालखीत बसून निघते, गावोगावची विचारपूस करते आणि परत आपल्या देवळात येते. दिंडी नाही, अभंगांसारखं सगळ्यांनी मिळून म्हणायचं काही नाही. ढोल, झांजा, शिंगं आणि फटाके आहेत. चालणारा माणूस आपल्या मनाशीच चालतो.

माझू ही समुद्राची देवी. लिन आडनावाची ही मुलगी इ.स. ९६० मध्ये फुच्येनजवळच्या मेइचौ बेटावर जन्मली, असं मानतात. वादळी सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या लोकांनी तिची मूर्ती होडीत सोबत आणली.

सगळ्यांत गाजलेली पालखी ताइचुंगजवळच्या दाज्या गावातल्या चनलान मंदिराची. नऊ दिवस, आठ रात्री, सुमारे ३४० किलोमीटर. चांगह्वा, युनलिन, च्याई असे जिल्हे ओलांडत ती शिनगांगच्या फंगथियन मंदिरापर्यंत जाते आणि परतते. १९८८ पूर्वी ती बेइगांगला जात असे. निघण्याचा मुहूर्त माणसं ठरवत नाहीत. कंदिलांच्या सणाच्या रात्री देवीसमोर लाकडी कौल टाकतात आणि तिचा होकार घेतात. हे कौल अर्धचंद्राच्या आकाराचे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन कौलांच्या दोन वेगळ्या बाजू वर आल्या की देवीने 'हो' म्हटलं.

मिरवणुकीच्या बऱ्याच पुढे एक माणूस एकटा चालताना दिसेल, त्याला चुकवू नका. अंगात उलटा घातलेला कोट, एक पाय अनवाणी, लेंग्याची एक बाजू गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर लांब छत्री आणि छत्रीला लटकवलेला डुकराचा पाय. हा देवीचा वर्दी देणारा. त्याच्या गाँगचा (काशाच्या थाळीचा) आवाज ऐकू आला की लोक दारात पूजेचं टेबल मांडतात.

दुसरी पालखी म्याओली जिल्ह्यातल्या बाइशातुनची. ती बेइगांगला जाऊन परतते, येऊन-जाऊन सुमारे ४०० किलोमीटर. हिचा रस्ता ठरलेलाच नसतो. चौकात पालखी डुलते, मागेपुढे होते आणि अचानक एखाद्या गल्लीत वळते. कधी शाळेत, कधी दवाखान्यापाशी थांबते. भोयांचं म्हणणं की वळवते ती देवी. पालखी आत्ता कुठे आहे, हे लोक मोबाइलवर पाहत असतात. दाज्याची मिरवणूक भव्य आहे, पण एकच पाहायची झाली तर मी बाइशातुनची सांगेन. पुढच्या वळणावर काय होणार हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे पाहुणा आणि गावकरी एकाच पातळीवर येतात.

४. आम्ही परदेशी आणि हिंदू. पालखीबरोबर चाललं तर चालेल का? पालखीखालून जाता येतं का?

चालता येतं. कोणी धर्म विचारत नाही, तिकीट नाही. सगळी वाट चालण्याची सक्तीही नाही. अर्धा दिवस चालून रेल्वेने परत गेलात तरी तुमचं स्वागतच होईल.

पालखीखालून जाण्याची प्रथा अशी: लोक रस्त्यावर एका रांगेत गुडघे टेकून ओणवे होतात आणि पालखी त्यांच्या पाठीवरून जाते. पाठीवरची पिशवी आधी काढा, टोपी काढा, डोकं वर करू नका. ज्यांच्या घरी सुतक आहे ते आणि गरोदर बायका रूढीप्रमाणे या रांगेत जात नाहीत. पालखीला हात लावायची घाई करू नका, भोयांचा तोल जातो.

देवळात शिरताना देवळाकडे तोंड केल्यावर उजव्या हाताच्या दाराने आत आणि डाव्या हाताच्या दाराने बाहेर. मधलं दार देवाचं. उंबऱ्यावर पाय देत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

५. आम्ही पक्के शाकाहारी, घरात कांदा-लसूणही चालत नाही. जत्रेत उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. या बाबतीत तैवान आशियातल्या सोयीच्या देशांपैकी एक आहे. बौद्ध परंपरेतल्या शाकाहाराला 'सू' म्हणतात आणि कडक 'सू' जेवणात कांदा, लसूण आणि त्या जातीच्या उग्र भाज्याही नसतात. जैन वाचकांना हे विशेष उपयोगी पडेल, फक्त कंदमुळांचं वेगळं विचारून घ्या. अशा खानावळींच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिक असतं. पाकिटबंद पदार्थांवर कायद्याने प्रकार छापावा लागतो: पूर्ण शाकाहारी, अंडं असलेला, दूध असलेला, कांदा-लसूण असलेला. 'छ्वान सू' म्हणजे अंडं-दूधही नाही.

पालखीच्या वाटेवर फुकट वाटलं जाणारं अन्न सगळंच शाकाहारी नसतं. शेवयांच्या वाडग्यात वरून काय घातलंय ते विचारा. घेतलेलं संपवा आणि रिकामा वाडगा स्वतः नेऊन द्या. पैसे पुढे करू नका, वाटणाऱ्यांसाठी ती सेवा असते.

६. देवळासमोर मोठा रंगमंच होता, नाटक जोरात चालू होतं, पण खुर्च्या जवळजवळ रिकाम्या होत्या. नाटक कोणासाठी?

देवासाठी. रंगमंचाचं तोंड कुठे होतं ते आठवून पाहा: थेट गाभाऱ्याकडे. कोणाचा तरी नवस फेडला गेला, देवाचा वाढदिवस आला, की देवासमोर नाटक लावतात. खर्च नवस बोलणारा किंवा देवळाची समिती करते. बघायला दहा माणसं असोत की हजार, खेळ पूर्ण होतोच.

तुम्ही पाहिलंत ते बहुतेक 'कोआ-अ-ही', म्हणजे तैवानी संगीत नाटक. मँडरिनमध्ये 'गझायशी'. ईशान्येकडच्या यीलान भागातल्या शेतकऱ्यांच्या गाण्यांतून ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. तैवानच्या मातीत जन्मलेला हा नाट्यप्रकार आहे, बाहेरून आलेला नाही. भाषा होक्लो, म्हणजे ज्याला लोक 'ताइगी' म्हणतात ती. नायकाचं काम बहुधा बाई करते आणि तिच्या चाहत्या बहुतांशी बायकाच असतात. रंगमंचाच्या कडेला लाल कागद चिकटवलेले दिसतील. त्यांवर चाहत्यांची नावं आणि त्यांनी दिलेल्या बक्षिसाच्या रकमा असतात. हे कागद पाहून कोणती नटी किती लाडकी आहे ते कळतं.

आधी एक छोटा भाग होतो, त्यात देवांचे पोशाख घातलेले नट आशीर्वाद देतात. तो चुकवू नका. संध्याकाळचा खेळ दुपारच्या खेळापेक्षा मोकळा असतो. त्यात मध्येच सिनेमातली चाल, जपानी तलवार, चकचकीत कोट असं काहीही येतं. ही सरमिसळ जपानी राजवटीत सुरू झाली. पारंपरिक वेशांवर बंधनं आली तेव्हा मंडळ्यांनी किमोनो चढवले आणि खेळ चालू ठेवले. हे भ्रष्ट रूप आहे असं काही जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. टिकून राहण्यासाठी कलाकारांनी काय काय केलं, त्याची ती जिवंत नोंद आहे.

रिकाम्या खुर्चीवर तुम्ही बसू शकता. पहिली रांग मोकळी ठेवलेली दिसली तर दुसरीपासून बसावं.

७. बाहुल्यांच्या खेळाचं इतकं कौतुक का? लहान मुलांचीच गोष्ट ना?

नाही, आणि या प्रश्नाला मी जरा जास्त जागा घेणार आहे.

'पोतेही' म्हणजे हातात घालायच्या बाहुल्यांचा खेळ. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांवर नाचतात, इथे दोरा नाही. तर्जनी डोक्यात, अंगठा एका बाहीत, मधलं बोट आणि उरलेली बोटं दुसऱ्या बाहीत. बाहुलीचं डोकं लाकडात कोरलेलं, चेहरा हलत नाही. तरी मान जरा खाली घातली की ती लाजते आणि खांदे किंचित थरथरले की रडते. जुन्या पद्धतीची बाहुली जेमतेम एक फूट उंच असते. ती पंखा उघडते, काठीवर ताटली फिरवते, चिलीम ओढून धूर सोडते. खिडकीतून उडी मारते तेव्हा कलाकाराने तिला एका हातातून हवेत फेकून दुसऱ्या हातावर झेललेलं असतं, तेही पडद्यामागून, न पाहता. सगळ्या पात्रांचे आवाज एकच मुख्य कलाकार काढतो: म्हातारा, राजकन्या, चोर, सगळे.

आता इतिहास. १९३७ नंतर जपानी सरकारने लोकांना जपानी बनवण्याची मोहीम चालवली, तेव्हा बाहुल्यांना किमोनो घालून जपानी कथा कराव्या लागल्या. जपानी गेले आणि १९४७ साली २८ फेब्रुवारीच्या घटनेनंतर, म्हणजे सरकारविरुद्धच्या उठावानंतर, नव्या क्वोमिंतांग राजवटीने हजारो माणसं मारली. उघड्यावर गर्दी जमवणं बंद झालं आणि खेळ बंदिस्त नाट्यगृहांत शिरले. तिथे तिकीट होतं, सिनेमाशी स्पर्धा होती. मग बाहुल्या मोठ्या झाल्या, कपडे चमचमले, दिवे आणि धूर आला.

१९७० साली हुआंग चुन-श्युंग यांनी बाहुल्या टीव्हीवर आणल्या आणि सारा देश वेडा झाला. मालिकेच्या वेळी शेतं आणि कारखाने ओस पडत, असं म्हणतात. १९७४ मध्ये सरकारने ती थांबवली. कारण दिलं ते कामधंद्यावर परिणाम होतो हे. पण मालिका ताइगीत, म्हणजे होक्लो भाषेत (प्रश्न ६), होती, आणि त्या काळात शाळेत ताइगी बोललं तर मुलांना दंड होई, गळ्यात पाटी अडकवत. एक लाकडी डोकं घरोघरी बंदीतली भाषा बोलत होतं. माझ्या मते कौतुक आहे ते यासाठी.

जुन्या पद्धतीचे थोर कलाकार ली तिएन-लू (१९१० ते १९९८). त्यांच्याकडे १९७०च्या दशकात फ्रान्सहून विद्यार्थी येऊन शिकले. पुढे त्यांच्या आयुष्यावर निघालेल्या चित्रपटाला १९९३ साली कानच्या महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. त्यांचे थोरले चिरंजीव छन शी-हुआंग हेही याच कलेतले मोठे नाव.

पाहायचं असेल तर युनलिन जिल्ह्यातलं हुवेइ गाव गाठा. हुआंग घराण्याचा हा भाग, आणि तिथे बाहुल्यांचं संग्रहालयही आहे.

८. मिरवणुकीत चेहरे रंगवलेले, हातात शस्त्रं घेतलेले लोक असतात. त्यांचे फोटो काढू का? कोणीतरी सांगितलं की ते गुंड असतात.

ही पथकं, त्यांना 'झेनथोउ' म्हणतात. रंगवलेल्या चेहऱ्यांचे ते 'आठ सेनापती', देवाचे शिपाई. चेहरा रंगवून झाला की तो मुलगा त्या दिवसापुरता माणूस राहत नाही, अशी श्रद्धा आहे. तो बोलत नाही, हसत नाही. दुरून फोटो काढा. त्यांच्या ओळीतून आडवं जाऊ नका, वाटेत उभे राहू नका, शस्त्रांना हात लावू नका आणि सेल्फीसाठी खांद्यावर हात तर मुळीच ठेवू नका.

गुंडांचं म्हणाल, तर काही ठिकाणी टोळ्यांनी या पथकांचा आसरा घेतला, हे तैवानी वर्तमानपत्रांतही येतं. पण त्यावरून सगळ्यांना तोलणं अन्याय आहे. शाळेत मन न लागलेल्या कित्येक मुलांना इथे शिस्त आणि मान मिळाला. काओश्युंगजवळच्या नेइमेन भागात युद्धकलेची पथकं गावाचा अभिमान आहेत. मोठ्या डोक्याच्या 'तिसऱ्या राजपुत्रा'ला, म्हणजे बालदेव नेझाला, मोटारसायकलवर बसवून नाचवणारी पथकं २००९ च्या काओश्युंगच्या जागतिक क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात होती. त्यांच्यासोबत फोटो खुशाल काढा. मुखवट्याआडचा माणूस स्वतःच हात हलवतो.

९. सातवा महिना भुतांचा म्हणतात. त्या काळात जाणं अशुभ तर नाही?

पाहुण्याला काही अडचण नाही. तैवानी लोक त्या महिन्यात लग्न, घरखरेदी टाळतात, एवढंच. ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही अशा आत्म्यांना जेवू घालायचा हा महिना, म्हणून लोक त्यांना भूत म्हणतही नाहीत, 'चांगले भाऊ' म्हणतात.

सगळ्यांत मोठा सोहळा उत्तरेच्या कीलुंग बंदरात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे फुच्येनच्या दोन भागांतून आलेल्या वसाहतवाल्यांत, चांगचौ आणि छ्वानचौच्या लोकांत, रक्तरंजित मारामाऱ्या झाल्या. शेवटी मेलेल्यांना एकत्र पुरलं आणि १८५५ पासून पूजेचा मान गावानुसार न देता आडनावांनुसार आळीपाळीने द्यायचं ठरलं. एका आडनावात दोन्ही गावांचे लोक असतात, त्यामुळे भांडणाची फळीच मोडली. डोकी फोडण्याऐवजी मिरवणुकीतली पथकं भिडवायची, असं तिथले लोक आजही सांगतात. चौदाव्या दिवशी रात्री, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री, प्रत्येक आडनावाचा कागदी घराच्या आकाराचा कंदील मिरवत समुद्रावर नेतात, पेटवतात आणि लाटांत ढकलतात. ज्याचं घर जळत जळत लांब जाईल, त्या कुळाचं वर्ष चांगलं.

१०. मूलनिवासी समाजांच्या उत्सवांना जाता येतं का? की ते खासगी असतात?

एका वाक्यात उत्तर नाही. गावागणिक, कधी एकाच उत्सवाच्या रात्रीगणिक नियम बदलतो.

सगळ्यांत मोकळा म्हणजे आमिस समाजाचा सुगीचा उत्सव, 'इलिसिन'. पूर्व किनाऱ्यावर ह्वालिएन आणि ताइतुंगमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये गावोगावी होतो. हात धरून फेर धरतात. फेरात कोण कुठे उभं राहणार हे वयोगटांवर ठरतं, म्हणून बोलावल्याशिवाय मध्ये शिरू नका. काही रात्री फक्त गावच्या पुरुषांच्या असतात, शेवटी पाहुण्यांना बोलावतात. दक्षिणेकडच्या लानयू बेटावर ताओ समाज उडणाऱ्या माशांच्या हंगामात विधी करतो. तिथे रंगवलेल्या होड्या फार सुंदर असतात, पण त्यांना हात लावायचा नाही, बायकांनी तर नाहीच.

साईसियात समाजाचा 'पास्ता-आय' मात्र वेगळाच. शिनचू आणि म्याओलीच्या डोंगरात, दर दोन वर्षांनी, दहाव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेच्या आसपास होतो. दर दहा वर्षांनी मोठा, २००६, २०१६ असा क्रम. कथा अशी की शेजारी 'ताआय' नावाची ठेंगणी माणसं राहत. त्यांनी साईसियातांना शेती आणि गाणी शिकवली, पण बायकांची छेड काढली म्हणून साईसियातांनी ती बसत ते झाड कापून ठेवलं आणि ती दरीत कोसळली. तेव्हापासून त्यांच्या आत्म्यांना बोलावून, क्षमा मागून, निरोप द्यायचा. सहा-सात हजारांचा हा समाज रात्रभर, पहाटेपर्यंत नाचतो. कमरेला बांधलेल्या बांबूच्या नळ्या पावलागणिक खुळखुळतात. ही गाणी या काळाखेरीज गात नाहीत.

तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला गवताची पात बांधतात. कॅमेऱ्याला आणि गाडीलाही बांधतात. नाकारू नका, मध्येच सोडूही नका. हा खेळ नाही, तुमच्या रक्षणासाठी आहे.

११. त्यांची गाणी रेकॉर्ड करून रील टाकली तर काय बिघडतं? उलट प्रसिद्धीच होईल.

आमिस समाजाच्या एका वृद्ध जोडप्याची हकिकत ऐका. डिफांग आणि त्यांच्या पत्नीने १९८८ मध्ये फ्रान्समध्ये गायलेलं गाणं ध्वनिमुद्रित झालं. युरोपातल्या एका संगीत प्रकल्पाने ते आपल्या गाण्यात वापरलं, ते जगभर गाजलं आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही वाजलं. गाणाऱ्यांचं नाव कुठेच नव्हतं. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेत दावा लावला आणि १९९९ मध्ये तडजोड होऊन श्रेय मिळालं.

२००७ साली तैवानने मूलनिवासींच्या पारंपरिक कलाकृतींच्या रक्षणासाठी वेगळा कायदा केला. नोंदवलेल्या गाण्या-नाचावर, नक्षीवर पूर्ण समाजाचा हक्क राहतो. म्हणून आधी विचारा. परवानगी मिळाली तर गावाचं आणि समाजाचं नाव लिहा. 'ट्रायबल डान्स' एवढंच लिहू नका.

१२. इतकं सुंदर कोरलेलं जहाज बनवून जाळून टाकतात, हे खरं आहे? जीव हळहळतो.

खरं आहे. पिंगतुंग जिल्ह्यातल्या दोंगगांग या मासेमारीच्या गावी दर तीन वर्षांनी. २०२१ आणि २०२४ मध्ये झालं, पुढचं २०२७. स्वर्गातून येणारे 'राजे' गावाची पाहणी करतात आणि रोगराई घेऊन जहाजातून परत जातात. जहाज खरं, लाकडी, सुतारांनी वर्षभर खपून केलेलं. पहाटे किनाऱ्यावर ते पेटतं. ते बांधणारे बरेचसे गावचेच लोक, अनेक जण मासेमारी नौका बांधलेले. जाळायचंच आहे म्हणून दर तीन वर्षांनी नवं बांधावं लागतं, आणि त्यामुळे विद्या पुढच्या हातात जाते. काचेच्या पेटीत ठेवलं असतं तर शेवटचा सुतार केव्हाच संपला असता. आग पेटल्यावर शांतपणे मागे फिरा, 'बाय बाय' म्हणून हाक मारू नका.

१३. कागद जाळणं, फटाके, आकाशकंदील यांनी प्रदूषण होत नाही का?

होतं, आणि वाद तैवानमध्येच सर्वांत जोरात चालतो. तैपेइच्या शिंगथियन मंदिराने २०१४ मध्ये उदबत्त्या पूर्ण बंद केल्या. हाक्का लोकांच्या यीमिन उत्सवात अतिशय लठ्ठ केलेली डुकरं बळी देण्यावर टीका झाली, आता काही घरं तांदळाच्या पोत्यांचं डुक्कर मांडतात. पिंगशीला आकाशात उडणारे कंदील सोडणार असाल तर एकच सोडा आणि विझलेल्या कंदिलांचे सांगाडे जंगलात पडतात हे ठाऊक ठेवा. येनश्वेच्या 'मधमाश्यांच्या पोळ्या'च्या फटाक्यांना (तिथे बाण सरळ गर्दीत सुटतात) जाणार असाल तर पूर्ण हेल्मेट, मानेला टॉवेल आणि जाड सुती कपडे हवेतच. नायलॉन अंगाला चिकटून जळतं.

१४. एवढं सगळं आहे तर युनेस्कोच्या यादीत तैवान का दिसत नाही?

१९७१ नंतर तैवान संयुक्त राष्ट्रांत नाही, म्हणून युनेस्कोतही नाही. २००९ मध्ये माझूची श्रद्धा आणि प्रथा यादीत आल्या, पण चीनच्या अर्जावर. तैवानचा स्वतःचा वारसा जतन कायदा १९८२ चा आहे. त्याखाली कला आणि कलाकार दोघांनाही मान्यता मिळते.

१५. तैवानमध्ये राहून यातलं काही शिकता येईल का? मुलांना घालायचं आहे.

शाळेतच विचारा. बानच्याव इथल्या एका प्राथमिक शाळेत १९८०च्या दशकातच ली तिएन-लू यांच्या मार्गदर्शनाने बाहुल्यांचं पथक उभं राहिलं, आणि आज बऱ्याच शाळांत बाहुल्या, ढोल, युद्धकलेची पथकं आहेत. मोठ्यांसाठी देवळाच्या हौशी वादक मंडळ्या असतात. बेइगुआन (ढोल, झांजा आणि शिंगांचं देवळातलं पारंपरिक वादन) वाजवणारे आजोबा नवशिक्याला झांज हातात द्यायला तयार असतात, फक्त दर आठवड्याला जावं लागतं. यीलानला राष्ट्रीय पारंपरिक कला केंद्र आहे, एक दिवस काढून जाण्यासारखं.

मँडरिन येत असली तरी चार वाक्यं ताइगीची शिका. आजोबांचा सूरच बदलतो.

१६. आम्ही अमेरिकेत किंवा कॅनडात राहतो. तिथे काय पाहायला मिळेल?

अमेरिकेत १९९९ पासून मे महिन्यात तैवानी-अमेरिकन वारसा सप्ताह साजरा होतो. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये मे महिन्यातच दिवसभराची जत्रा भरते. न्यू जर्सीच्या मराठी मंडळींना ती सहज जमण्यासारखी. सॅन फ्रान्सिस्कोतही मेमध्ये सांस्कृतिक महोत्सव असतो. कॅनडात व्हॅंकूव्हर आणि टोरोंटोत उन्हाळ्याच्या अखेरीस तैवानफेस्ट. या जत्रांत खाणं भरपूर असतं, तिथेच अडकून पडू नका. रंगमंचाचं वेळापत्रक आधी पाहा, बाहुल्यांचा खेळ असेल तर पुढची जागा धरा.

१७. आमच्या मंडळाला तैवानी मित्रांसोबत एक संध्याकाळ करायची आहे. काय जपावं?

कार्यक्रम त्यांना ठरवू द्या, सभागृह आणि स्वयंपाक तुम्ही सांभाळा. निमंत्रणात 'चिनी' लिहू नका. झेंडा लावायचा का आणि कोणता, हे त्यांनाच विचारा, त्यांच्यात यावर मतं वेगळी असतात आणि तिथे आपण पडायचं नाही. पाहुणे होक्लो आहेत, हाक्का की मूलनिवासी, हे आधी कळलं तर बरं. १९८८ च्या २८ डिसेंबरला हाक्का लोकांनी 'माझी मातृभाषा परत द्या' म्हणत तैपेइत मोर्चा काढला होता, त्यामुळे त्यांच्या भाषेत स्वागताचा एक शब्द आला तरी त्यांना फार बरं वाटतं. 'आठ सेनापतीं'चे रंगवलेले चेहरे (प्रश्न ८) फॅन्सी ड्रेसमध्ये आणू नका. पिसं लावून मूलनिवासींचा नाच तर मुळीच बसवू नका (प्रश्न ११).

देवाण-घेवाण हवी असेल तर दोन्हीकडचे बाहुलीवाले, ढोलवाले एका मंचावर आणा. लेझीम आणि त्यांची झांज एकत्र चांगली जमते. ताल ठरवायला मात्र तालमीला एक अख्खा रविवार मोकळा ठेवा.